वाचकांचे प्रश्न : जुन्या जहाजाला निरोप देताना

प्रवासी जहाजांच्या अखेरच्या फेऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : अमुक जुनं जहाज भंगारात निघालं, अशी बातमी व्हॉट्सॲपवर येते आणि दोन दिवसांनी तेच जहाज दुसऱ्या नावाने कुठेतरी दिसतं. जहाज खरोखर शेवटच्या फेरीवर आहे, हे घरबसल्या कसं ओळखायचं? (पुणे)

नाव सोडा, क्रमांक धरा. प्रत्येक मोठ्या प्रवासी जहाजाला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो. मालक, नाव, झेंडा काहीही बदललं तरी बांधणीपासून तोडणीपर्यंत तो तोच राहतो. जहाजाच्या अंगावर तो ठळक लिहावा लागतो. प्रवासी जहाजांवर तर विमानातून दिसेल असा आडव्या पृष्ठभागावर लिहिण्याचा नियम आहे.

मुंबईकरांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये मुंबईहून फेऱ्या करू लागलेली ‘कर्णिका’ मुळात १९९० ची ‘क्राउन प्रिन्सेस’. इटलीत मोनफाल्कोनेला बांधलेली, रेंझो पियानो या वास्तुरचनाकाराच्या कल्पनेतून डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोल माथा मिळालेली. मधल्या काळात ती ए-रोझा ब्लू, आयडाब्लू, ओशन व्हिलेज टू आणि पॅसिफिक ज्वेल अशी चार नावं फिरून आली आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमधल्या अलंगला, जिथे किनाऱ्यावर जहाजं तोडतात, तिथे गेली. नावं सहा, क्रमांक एकच : ८५२१२२०.

हा क्रमांक बरोबर उतरवला आहे का, तेही तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. इथे ५६+३०+१०+४+६+४ = ११०, शेवटी शून्य, म्हणजे बरोबर. ‘क्वीन एलिझाबेथ २’ (क्यूई२) या ब्रिटिश प्रवासी जहाजाचा ६७२५४१८ स्वतः करून बघा, बेरीज १२८ येते.

क्रमांक हाती आला की जहाजं दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तोच टाका. तिथली माहिती जहाजाच्या एआयएस, म्हणजे आपोआप ओळख सांगणाऱ्या, यंत्रातून येते. चालू जहाज दर दोन ते दहा सेकंदांनी आपली जागा सांगतं, नांगरलेलं दर तीन मिनिटांनी. मात्र ही माहिती व्हीएचएफ रेडिओ लहरींवर जाते आणि किनाऱ्यावरचा ग्राहक साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतच ती पकडतो. त्यामुळे फुकट सेवेत अरबी समुद्राच्या मध्यावर जहाज दोन-तीन दिवस गायब दिसलं, तर त्यातून काही अर्थ काढू नका.

खऱ्या खुणा निराळ्या. धुराड्यावरचं कंपनीचं चिन्ह रंगाने झाकलेलं असतं. नावातली दोन-चार अक्षरं पुसून उरलेल्या अक्षरांचंच नवं नाव केलेलं असतं, कारण एका फेरीसाठी पूर्ण नाव रंगवायला कोणी पैसे घालत नाही. झेंडा अचानक कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्सचा होतो. वेग नेहमीपेक्षा बराच कमी, आणि मुक्कामाच्या जागी जहाजतोडणीचं ठिकाण : भावनगर (अलंगजवळचं), पाकिस्तानातलं गदानी, बांगलादेशातलं चट्टोग्राम किंवा तुर्कस्तानातलं आलिया. मुक्कामाचं नाव जहाजावरचा अधिकारी हाताने टाइप करतो, म्हणून ते पुरावा मानायचं नाही. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तरच खात्री धरा.

प्रश्न : जहाजं किनाऱ्यावर चढवायला पौर्णिमा-अमावास्याच का लागते? आणि तो क्षण बघायला अलंगला जाता येतं का? (अलिबाग)

तुमच्याकडच्या कोळीवाड्यात उधाण आणि भांग हे दोन शब्द रोजचे आहेत. सगळं उत्तर त्यांतच आहे. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सर्वांत वर येतं आणि सर्वांत खाली जातं. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, दोन्हींतलं अंतर कमी असतं. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण पाच मीटरचा फरक पडतो. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेल्यामुळे आत शिरलेलं पाणी वर चढतं आणि अलंगच्या बाजूला हा फरक दहा मीटरच्या घरात जातो. किनाऱ्याचा उतार मंद, तळ टणक. १९८३ च्या फेब्रुवारीत ‘कोटा तेंजाँग’ हे पहिलं जहाज तिथे चढवलं गेलं, ते याच कारणाने.

जहाज आधी भावनगरच्या नांगरवाड्यात थांबतं. कस्टम, मेरिटाइम बोर्ड आणि प्रदूषण नियंत्रणवाले तपासणी करून जातात. मग पुढचं उधाण गाठायचं. चढवण्याआधी पुढच्या टाक्यांतलं तोलाचं पाणी काढून नाळ हलकी करतात, म्हणजे पुढचा भाग आधी टेकून जहाज अडकत नाही, जास्तीत जास्त आत जातं. भरती पूर्ण व्हायच्या सुमारास ठरलेल्या प्लॉटच्या (तोडणीसाठी वाटून दिलेल्या किनाऱ्याच्या पट्ट्याच्या) खुणांवर नजर ठेवून इंजिन पूर्ण वेगात लावतात आणि जमीन लागेपर्यंत थांबवत नाहीत. ओहोटी लागली की जहाज कोरडं. पुढे ते हलकं होत जाईल तसतसं प्रत्येक मोठ्या भरतीला साखळीने आणखी वर ओढतात.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. आखातातला प्रवाह आडवा आणि जोरकस असल्याने वेग कमी पडला, तर जहाज शेजारच्या प्लॉटकडे ढकललं जातं. पाणी अंदाजापेक्षा मीटरभर कमी चढलं, तर जहाज दूरच बसतं आणि सरळ करायला पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, थांबावं लागतं.

तिथीवरून वेळ काढायची आपली कोकणी रीत, म्हणजे तिथीची पाऊणपट, इथे लावू नका. चतुर्थीला तीनला भरती, हे मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला ठीक बसतं. भावनगरला पाणी काही तास उशिरा येतं. तिथलं छापील भरतीपत्रकच बघा.

आत मात्र जाता येत नाही. प्लॉटवर परवान्याशिवाय प्रवेश नाही, फोटोही काढू देत नाहीत. ओळखीने आत सोडतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तोडणीच्या जागेवर वरून पत्रे पडतात, बंदिस्त टाक्यांत वायू साचलेला असतो. बघ्यांची ती जागाच नव्हे. जहाजाला निरोप द्यायचा तो त्याच्या चालत्या दिवसांत, एखाद्या बंदरातून सुटताना. आमचा आग्रह तोच राहील.

प्रश्न : ‘क्वीन एलिझाबेथ २’च्या निरोपाच्या फोटोत शिडाच्या खांबावरून एक अतिशय लांब, चिंचोळी पताका लोंबताना दिसते. ती कसली? आणि भोंगा तीनदाच का वाजवतात? (दादर)

ती निरोपाची पताका. मूळ प्रथा आरमाराची. सेवा संपवून परतणारं जहाज मुख्य खांबावर ती चढवतं आणि सेवा जितकी मोठी तितकी पताका लांब. ‘क्यूई२’ची होती ३९ फूट, सेवेच्या प्रत्येक वर्षाला एक फूट. २ मे १९६९ ला तिची पहिली फेरी निघाली होती. भारतीय नौदलही ही प्रथा पाळतं. ६ मार्च २०१७ ला मुंबईत ‘विराट’ निवृत्त झाली, तेव्हा सूर्यास्ताला झेंड्याबरोबर ही पताकाही उतरवली गेली.

निरोपाचे तीन लांब भोंगे म्हणजे सलामी. दुसरं जहाज तीन लांब भोंग्यांनीच उत्तर देतं आणि पुष्कळदा शेवटी दोघांचा एकेक छोटा भोंगा होतो. हा रिवाज आहे, नियम नाही, म्हणून नियमातल्या भोंग्यांशी त्याची गल्लत करू नये. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छोटा भोंगा सुमारे एक सेकंदाचा आणि लांब चार ते सहा सेकंदांचा. एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन छोटे म्हणजे डावीकडे, तीन छोटे म्हणजे माझी इंजिनं उलटी चालू आहेत. पाच किंवा अधिक छोटे ऐकलेत तर समजा, कोणाच्या तरी हालचालीबद्दल शंका आहे. गर्दीच्या निरोपात छोट्या होड्या फार जवळ गेल्या की हेच पाच ऐकू येतात आणि काठावरचे लोक टाळ्या वाजवतात!

२०० मीटर आणि त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा मूळ स्वर ७० ते २०० हर्ट्झमध्ये ठेवावा लागतो आणि तो दोन सागरी मैलांवर ऐकू यावा अशी अपेक्षा असते. जहाज जितकं मोठं तितका स्वर खर्जातला. छातीत जाणवतो तो या खर्जामुळे.

त्या दिवसाबद्दलही थोडं. ११ नोव्हेंबर २००८ ची पहाट. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदराला शेवटचं परतताना जहाज जवळच्या सोलेंट सामुद्रधुनीतल्या वाळूच्या पट्टीवर टेकलं आणि टगांनी, म्हणजे ओढबोटींनी, ओढून मोकळं केलं. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा तो स्मृतिदिन, म्हणून विमानातून जहाजावर लाल खसखशीच्या फुलांच्या पाकळ्यांचा वर्षाव झाला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हे जहाज सुमारे तीन हजार सैनिक घेऊन गेलं होतं, ही त्यामागची आठवण. संध्याकाळी दारूकामाच्या आतषबाजीत ते दुबईकडे निघालं. तोवर ८०६ वेळा अटलांटिक ओलांडून झाला होता.

प्रश्न : ‘७० हजार टनांचं जहाज’ म्हणतात, म्हणजे तेवढं लोखंड निघतं का? (सांगली)

नाही. ‘क्यूई२’चे ७०,३२७ हे सकल टन आहेत आणि सकल टन हे वजनच नव्हे, जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. भंगाराचा व्यवहार होतो तो रिकाम्या जहाजाच्या वजनावर, ज्यात इंधन, पाणी, माणसं, सामान काही धरत नाहीत. प्रवासी जहाजात हा आकडा सकल टनांपेक्षा बराच कमी असतो. वर त्यातही लाकूड, काच, गालिचे, केबलींचा मोठा वाटा.

प्रश्न : अलंगच्या बाजारातून जुन्या जहाजाची गोल पितळी खिडकी आणि केबिनच्या भिंतीचे चार तक्ते घ्यायचा विचार आहे. अस्सल कसं ओळखावं? घरात लावणं सुरक्षित आहे का? (नाशिक)

खिडकी घ्या. तक्ते घेऊ नका.

तक्त्यांचं आधी सांगतो, कारण चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. १९८० च्या आधीच्या जहाजांत आगीपासून संरक्षण म्हणून भिंतींचे तक्ते, छत, दारांचा गाभा, नळांवरची आवरणं यांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. नव्याने बसवायला बंदी आली ती २००२ मध्ये, तीही काही अपवाद ठेवून. पूर्ण बंदी २०११ पासून. ‘फ्रान्स’, म्हणजे पुढची ‘नॉर्वे’, हे १९६२ चं देखणं जहाज २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’ नावाने अलंगला आलं, तेव्हा याच कारणावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तोडायची परवानगी मिळायला सप्टेंबर २००७ उजाडला. वरचा सुंदर लाकडी पापुद्रा बघून आत काय आहे ते कळत नाही. न छेडलेला तक्ता फारसा त्रास देत नाही. तुमचा सुतार त्याला करवत किंवा ड्रिल लावेल तेव्हा न दिसणारे तंतू हवेत उडतील आणि फुप्फुसात जाऊन बसतील. त्याचे आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात.

आधीच घेतले असतील तर कापू, घासू, जाळू नका. कोरडा झाडू फिरवू नका. पाणी शिंपडून ओले करा, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला विचारा. धोकादायक कचऱ्याची अधिकृत सोय राज्यात तळोजा आणि रांजणगाव इथे आहे. घंटागाडीत टाकू नका.

आता खिडकी. बाजारात नव्याने ओतलेल्या शोभेच्या खिडक्या भरपूर येतात. पहिली परीक्षा वजनाची. बारा इंची, १५ मिलिमीटर जाडीची काच एकटीच अडीच किलोहून जास्त भरते. चौकट, बिजागरी, आवळायचे पेच धरून अस्सल खिडकी एका हाताने सहज उचलली जात नाही. शोभेची उचलली जाते. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. पितळेला तो चिकटत नाही. मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. तिसरी म्हणजे भोकं. अस्सल चौकटीची बोल्टची भोकं झिजलेली, रंगाच्या पाच-सहा थरांनी भरलेली असतात आणि मागच्या बाजूला गॅस कटरची खूण किंवा जुनी रबरी पट्टी सापडते. विशिष्ट जहाजाचं नाव सांगून जास्त पैसे मागत असतील तर प्लॉटच्या विक्रीची पावती मागा. नाव कोरलेलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. नाव कोरायला पाच मिनिटं लागतात.

घरी आणल्यावर लगेच चिंच-मिठाने घासायला बसू नका. समुद्राचे क्षार पितळेच्या छिद्रांत बसलेले असतात. आठ-दहा दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग वाळवून साफ करा. नाहीतर महिन्याभरात हिरवे डाग परत येतात. कुठे गुलाबी, तांब्यासारखे पट्टे दिसले तर तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि धातू ठिसूळ झालेला असतो. त्या भोकातला पेच जोराने आवळू नका. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तरच १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट मारून टांगा. जिप्समच्या फळीवर टांगू नका.

दोन वस्तू मात्र हातातसुद्धा धरू नका. एक, मुदत संपलेले धोक्याचे दारूचे बाण. दुसरी, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची जुनी घड्याळं आणि मापक. त्या रंगात रेडियम असू शकतं आणि काच उघडली की त्याची भुकटी बाहेर येते.

प्रश्न : मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचा चांगला फोटो कुठून आणि कसा घ्यावा? माझ्याकडे कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स आहे. (डोंबिवली)

लेन्स पुरेशी आहे. प्रवासी जहाजं बॅलार्ड पिअरला लागतात आणि सुटल्यावर गेटवेसमोरच्या पाण्यातून बाहेर पडतात. गेटवेचं तोंड पूर्वेच्या अंगाला, म्हणजे सकाळी ऊन डोळ्यांवर आणि जहाज काळी सावली. दुपारी चारनंतर ऊन तुमच्या पाठीशी येतं. मांडव्याच्या बोटीतून आणखी जवळून दिसतं, पण पावसाळ्यात ती सेवा बंद असते. बॅलार्ड पिअर आणि गेटवे यांच्या मध्ये नौदलाची गोदी आहे. तिकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोनचा तर विचारही नको.

किती झूम लागेल ते आधी काढता येतं. फुल फ्रेम कॅमेऱ्याला ३६ गुणिले अंतर, भागिले जहाजाची लांबी. दीड किलोमीटरवरचं २९३ मीटरचं जहाज १८४ मिलिमीटरला चौकट कडेकडेने भरतं. श्वास घ्यायला जागा हवी म्हणून १५० ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर शंभरच्या आसपास पुरेल. दिवसा १/५०० सेकंद. संध्याकाळी दिवे लागल्यावर १/६० च्या खाली जाऊ नका. सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर, आणि एवढ्या संथ चालीनेही १/१५ ला खिडक्यांच्या दिव्यांच्या रेघा होतात.

भोंगा ध्वनिमुद्रित करायचा असेल तर मोबाइलची आपोआप आवाज जुळवण्याची सोय बंद करा आणि पातळी निम्म्याच्या खाली ठेवा, नाहीतर पहिलाच भोंगा फाटतो. वाऱ्याचा आवाज कापणारी सोयही बंद ठेवा. ती वाऱ्याबरोबर खर्जही कापते. धुराड्याजवळ वाफ दिसते आणि आवाज चार-साडेचार सेकंदांनी येतो. दीड किलोमीटरला तेवढा वेळ लागतोच, यंत्र बिघडलेलं नाही.

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. मुलांना ‘क्यूई२’ दाखवायची आहे. काय बघावं? (दुबई)

भाग्यवान आहात. दहा वर्षं नुसतं उभं राहून २०१८ मध्ये ते मीना रशीद बंदरात हॉटेल म्हणून उघडलं. अल घुबैबा मेट्रो स्थानकापासून टॅक्सीने जवळ पडतं. राहायची गरज नाही. मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्या.

आत जाण्याआधी मुलांना धक्क्यावर नाळेकडे उभं करा. नाळ किती लांब आणि धारदार आहे ते दाखवा. आजच्या क्रूझ जहाजाची बोथट नाळ आणि पाण्यापासूनच उभी चढलेली इमारत मनात ठेवून बघितलं की अटलांटिकच्या हिवाळी लाटा कापायला बांधलेलं जहाज म्हणजे काय, ते न सांगता कळतं. बाजू थोड्या ओक्याबोक्या वाटतील, कारण जीवनरक्षक होड्या आणि त्यांचे हात काढून टाकले आहेत. धुराडं मूळचं नाही, हेही सांगा. १९८६-८७ मध्ये ब्रेमरहाफेनला वाफेची टर्बाइन काढून नऊ डिझेल इंजिनं बसवली, तेव्हा ते जाडजूड झालं. आत क्वीन्स रूममधले खालून निमुळते, वर फुलत जाणारे खांब जरूर बघा.

प्रश्न : एवढी सुंदर जहाजं वाचवत का नाहीत? (कोल्हापूर)

काही वाचली. लाँग बीचला ‘क्वीन मेरी’, रॉटरडॅमला ‘रॉटरडॅम’, योकोहामाला ‘हिकावा मारू’. बाकीच्यांना नियम आणि पैसा या दोघांनी गाठलं. ऑक्टोबर २०१० पासून प्रवासी जहाजाच्या बांधणीत ज्वलनशील सामान चालेनासं झालं आणि लाकडाने मढवलेल्या जुन्या जहाजांना तो खर्च झेपला नाही. वर दर पाच वर्षांनी मोठी तपासणी असते आणि त्यात पत्रा किती झिजला ते मोजतात. उभं जहाजही खातंच : पाण्याखालचं लोखंड गंजतं, वीज लागते, धक्क्याचं भाडं द्यावं लागतं. १९५२ मध्ये अटलांटिक पार करण्याचा वेगाचा विक्रम करणारं ‘युनायटेड स्टेट्स’ काही दशकं फिलाडेल्फियाला नुसतं उभं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला टगांनी ओढत अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या ‘मोबाईल’ नावाच्या बंदरात नेलं, फ्लोरिडाजवळ समुद्रतळाशी कृत्रिम प्रवाळखडक करण्याच्या तयारीसाठी. तोडण्यापेक्षा ते बरं, असं आम्हाला वाटतं; निदान आकार तरी राहतो.

प्रश्न : निरोपाची नोंद वहीत ठेवायची तर काय काय लिहावं? (रत्नागिरी)

तारीख, भारतीय वेळ, उभं राहिल्याची जागा आणि आयएमओ क्रमांक हे आधी. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या सकाळी मोबाइलशी जुळवून घ्या, नाहीतर पुढे फोटो आणि नोंदीची सांगड बसत नाही. मग मागच्या बाजूचं नाव आणि नोंदणीचं बंदर जसंच्या तसं, चुकीचं लिहिलेलं असलं तरी तसंच. दुर्बीण असेल तर नाळेवरच्या नावाखाली बघा. अक्षरांच्या कडा वेल्डिंगने उठवलेल्या असतात, त्यामुळे तिरप्या उन्हात रंगाखालचं जुनं नाव वाचता येतं. शक्य झाल्यास त्याचा वेगळा फोटो घ्या.

शेवटी पुढचे आणि मागचे खोलीचे आकडे. मीटरच्या मापातला प्रत्येक आकडा दहा सेंटिमीटर उंच असतो आणि त्याची खालची कड म्हणजे ते माप. पाणी ८ च्या बरोबर तळाला असेल तर आठ, अर्ध्यात असेल तर आठच्या वर पाच सेंटिमीटर. लाटेत पाणी वरखाली होतं, म्हणून तीनदा वाचून मधला आकडा घ्या. पुढचा आणि मागचा यांत मोठा फरक दिसला आणि दोन्ही नेहमीपेक्षा कमी असले, तर जहाज रिकामं चाललंय हे तुम्हाला एआयएस न बघताही कळेल.